कड्याला भिडताना... जिद्द हवीच, पण तयारी?

‘प्रयत्नांती परमेश्वर’ हे आपण इतक्या वेळा ऐकलेलं असतं, की प्रयत्न म्हणजे नेमकं काय, हे विचारायचंच राहून जातं. गणित चुकलं? पुन्हा सोडव. भाकरी फाटली? पुन्हा थाप. स्कूटर शिकताना पडलीस? ऊठ, पुन्हा बस. ठीक आहे. पण एकच गोष्ट त्याच पद्धतीने वीस वेळा केली, तर ते वीस प्रयत्न झाले, की एकच प्रयत्न वीस वेळा झाला? आणि मध्येच थांबून, चार महिने स्वतःला तयार करून मग परत जाणं, याला हार म्हणायचं का?

हा प्रश्न संसारातही पावलोपावली येतो. पण तो सगळ्यात उघडपणे समोर उभा राहतो प्रस्तरारोहणात, म्हणजे उभा कातळ हातापायांनी चढून जाण्याच्या खेळात. कारण कातळ कुणाची भीड ठेवत नाही. तुम्ही किती गुणी, किती कष्टाळू, हे तो विचारत नाही. हात सुटला की सुटला.

डोंगर आपल्या खिडकीतले

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या मैत्रिणींना हा कातळ काही नवा नाही. कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोकलमध्ये उजव्या हाताची खिडकी मिळाली, की मलंगगड दिसतो, मग तावली, पुढे चंदेरीचा टोकदार सुळका आणि त्याच्याही पुढे माथेरानपर्यंत गेलेली रांग. रोज बघून बघून आपलं तिकडे लक्षही जात नाही. पण रविवारी पहाटे पाठीला सॅक लावून निघालेल्या मुली या स्टेशनांवर आता नवलाच्या राहिलेल्या नाहीत. बहुतेक जणी ट्रेकला जातात, म्हणजे पायवाटेने गड चढतात. त्यांतल्या काही जणींना मात्र पायवाट संपते तिथून पुढे जायचं असतं. मलंगगडाचा बालेकिल्ला, जिथे पायऱ्या तुटलेल्या आहेत आणि दोर लावूनच पलीकडे जावं लागतं. चंदेरीचा माथा, जिथे घसारा आणि उभा खडक दोन्ही आहेत.

हा कातळ किती हट्टी आहे, याला इतिहासाचीही साक्ष आहे. १७८० साली इंग्रजांच्या कॅप्टन अ‍ॅबिंग्टनने मलंगगडाचा खालचा भाग घेतला. पण वरचा बालेकिल्ला काही त्याच्या हाती लागला नाही. तोफा होत्या, माणसं होती, हुकूम होता. पण उभ्या कड्यापुढे नुसती जबरदस्ती चालत नाही.

साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून झालेला आपला हा बेसॉल्ट. याच काळ्या दगडात अंबरनाथचं शिवमंदिर १०६० साली उभं राहिलं. कोरायला उत्तम, पण चढायला लबाड! कुठे एकदम घट्ट, तर कुठे हात लावला की निखळणारा. त्यामुळे ‘पडू दे, पुन्हा चढू’ ही वृत्ती इथे जरा जपूनच वापरावी लागते.

दोन पक्ष

अवघड चढाईच्या मागे लागलेल्यांमध्ये कायम दोन पक्ष असतात. पहिला पक्ष म्हणतो, ‘कड्यावर जा, पड, पुन्हा जा. कडाच कडा शिकवतो.’ दुसरा म्हणतो, ‘आधी बोटांत ताकद आण, पोटाचे स्नायू तयार कर, मग कड्याला हात लाव.’ पहिल्याला दुसरा भित्रा वाटतो, दुसऱ्याला पहिला अविचारी.

खरं काय ते समजून घ्यायला कड्यावर जायचीही गरज नाही, स्वयंपाकघरात गेलं तरी पुरे. भाकरी थापायला पुस्तक वाचून कुणी शिकलंय का? हाताला सवय लागेपर्यंत पंचवीस भाकऱ्या फाटतात, मग एक दिवस आपोआप ती परातीत गरगर फिरायला लागते. हा झाला पुन्हा पुन्हा केलेल्या प्रयत्नांचा विजय. पण पीठच जुनं, विरी गेलेलं असेल तर? मग कितीही थापा, भाकरी फाटणारच. तिथे हात सुधारून उपयोग नाही, पीठ बदलायला हवं किंवा उकड काढायला हवी.

कड्यावरही अगदी हेच असतं. पडण्याचं कारण हाताची सवय असेल, तर पुन्हा प्रयत्न करा. कारण ताकदीचं असेल, तर घरी या आणि तयारी करा. सगळी मेख आहे ती आपण का पडतोय, हे ओळखण्यात!

का पडले मी?

अनुभवी गिर्यारोहक पडल्यावर आधी हेच विचारतात. ढोबळमानाने पडण्याची तीन कारणं असतात.

पहिलं, रस्ताच कळलेला नाही. कुठल्या खाचेत उजवा हात, कुठल्या टेंगळावर डावा पाय, कंबर कड्याच्या किती जवळ, हे उमगलेलं नसतं. अशा वेळी प्रत्येक प्रयत्नात काहीतरी नवीन कळतं. आज दोन हात वर गेलात, उद्या चार. इथे घरी बसून डंबेल्स उचलण्यात काही अर्थ नाही. कड्यावर जाणं, तेही वरून दोर बांधून त्या अवघड टप्प्याचे तुकडे पाडून एकेक तुकडा घोटणं, हाच उपाय.

दुसरं, रस्ता पाठ आहे, पण अंगात तेवढं बळ नाही. कुठे काय करायचं ते डोळे मिटून सांगता येतं, पण त्या बोटाच्या पेराएवढ्या पकडीवर आलं की बोटं आपोआप उघडतात. तीन रविवार गेलात आणि तिन्ही वेळा त्याच जागी, त्याच कारणाने पडलात, तर चौथा रविवार त्याच कड्यावर घालवू नका. कड्याला जे सांगायचं होतं ते त्याने सांगून झालंय.

तिसरं कारण बोलायला आपल्याला लाज वाटते. ते म्हणजे भीती. हात दमलेले नसतात, वाटही माहीत असते, पण खाली नजर गेली की पाय शिवणयंत्रासारखा थरथरायला लागतो. यावर ना ताकद कामाची, ना त्याच जागी पुन्हा पुन्हा रडवेलं होणं. यावर उपाय म्हणजे सोप्या चढाया भरपूर करणं आणि जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, सुरक्षित जागी, दोरावर मुद्दाम पडून बघणं. दोर आपल्याला धरतो हे बुद्धीला पटून भागत नाही, अंगाला पटावं लागतं.

म्हणून एक छोटी वही ठेवावी. किती वेळा प्रयत्न केला, कुठे पडले, का पडले. एवढंच. चार ओळी. किराण्याचा हिशेब ठेवणाऱ्या बाईला हे काही जड नाही.

त्यांनी काय केलं?

जगातल्या मोठमोठ्या आरोहकांच्या गोष्टी वाचल्या, की हे दोन पक्ष खरं तर वेगळे नाहीतच, असं लक्षात येतं.

ऑस्ट्रियाची अँजेला आयटर जेमतेम पाच फूट उंचीची. स्पेनमधली ‘ला प्लांटा दे शिवा’ ही चढाई तिला करायची होती. लांब हातांच्या पुरुषाला जी पकड सहज गाठता येईल, तिथे हिला वेगळीच शक्कल लढवावी लागणार. ती त्या कड्यावर पुन्हा पुन्हा गेली, आणि घरी परतल्यावर तिथल्या अवघड हालचालींसारख्या हालचाली कृत्रिम भिंतीवर रचून त्यांचा सराव केला. म्हणजे कड्याने प्रश्न विचारायचा आणि उत्तराची तयारी घरी करायची! २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये ती चढाई तिने पूर्ण केली. इतक्या वरच्या दर्जाची, म्हणजे ‘नऊ-बी’ श्रेणीची चढाई करणारी ती जगातली पहिली स्त्री ठरली. पुढे २०२५ मध्ये अमेरिकेच्या ब्रूक राबूतूने इटलीतली ‘एक्सकॅलिबर’ चढून स्त्रियांसाठी ही रेषा आणखी एक पायरी वर नेली.

दुसरी गोष्ट अमेरिकेतल्या ‘एल कॅपिटन’ या सुमारे तीन हजार फुटी कड्याची. तिथल्या ‘डॉन वॉल’वर टॉमी कॉल्डवेल आणि केव्हिन जॉर्गसन हे दोघं १९ दिवस कड्यावरच राहिले आणि २०१५ च्या जानेवारीत माथ्यावर पोहोचले. त्यांतला टॉमी २००७ पासून या वाटेच्या मागे होता, आणि त्याच्या डाव्या तर्जनीचा पुढचा भाग २००१ मध्येच करवतीत तुटलेला होता. केव्हिन एका टप्प्यावर अडकला. एकदा, दोनदा, पाचदा, दहादा पडला. बोटांची कातडी फाटली. मग त्याने काय केलं? विश्रांती घेतली. कातडी भरून येईपर्यंत तिथेच लटकत्या तंबूत गप्प पडून राहिला. आणि अकराव्या वेळी तो टप्पा पार झाला. बातम्यांत ‘अकराव्या प्रयत्नात’ एवढंच आलं. पण ते अकरा प्रयत्न फळले, कारण त्याआधी वर्षानुवर्षांची तयारी होती आणि मध्ये थांबण्याचं शहाणपण होतं.

याच ‘एल कॅपिटन’वर १९९३ साली लिन हिल या स्त्रीने ‘द नोज’ ही वाट केवळ हातापायांच्या बळावर, दोराचा आधार फक्त पडलं तर, अशा पद्धतीने चढून दाखवली. तिच्याआधी कुठल्याही पुरुषाला ते जमलं नव्हतं! तेव्हा तिला चार दिवस लागले. दुसऱ्या वर्षी, १९९४ मध्ये, ती परत गेली आणि तीच वाट २४ तासांच्या आत चढली.

स्पर्धांमध्ये तर या दोन पद्धतींचे दोन वेगळे खेळच झालेत. वेगाच्या स्पर्धेत १५ मीटरची भिंत आणि तिच्यावरच्या पकडी जगभर सारख्याच. म्हणजे एकच चढाई हजारो वेळा घोटायची. पोलंडच्या अलेक्सांद्रा मिरोस्लावने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ती ६.०६ सेकंदांत संपवली. आपल्याला एक जिना चढायला याहून जास्त वेळ लागतो! याउलट बोल्डरिंगच्या स्पर्धेत चढाई कधी पाहिलेलीच नसते, मिनिटांच्या हिशेबात ती सोडवायची. तिथे पाठांतर उपयोगाचं नाही, अंगात असेल तेच कामाला येतं. अशा बोल्डरिंगच्या विश्वचषक स्पर्धा २०१६ आणि २०१७ साली आपल्याजवळच, नवी मुंबईत झाल्या होत्या. त्यामागे मुंबईच्या ‘गिरिविहार’ या जुन्या संस्थेचा पुढाकार होता.

हिरकणीची तयारी

परदेशच कशाला, आपली हिरकणी घ्या. कोजागिरीच्या रात्री गडाचे दरवाजे बंद झाले आणि तान्ह्या बाळासाठी ती रायगडाचा कडा उतरून गेली, ही कथा आपण आईच्या मायेची कथा म्हणून सांगतो. ती तशी आहेच. पण ती दूध विकायला रोज तो डोंगर चढत-उतरत होती, हे आपण विसरतो. त्या रात्री तिला दुसरा प्रयत्न मिळणार नव्हता. पहिल्याच प्रयत्नात ती उतरली, कारण तिच्या पायांची तयारी कित्येक वर्षं चालू होती. तिने त्याला तयारी म्हटलं नसेल, एवढंच.

तानाजीच्या पोवाड्यातली यशवंती घोरपडही आधी परत फिरली होती, असं सांगतात. पण दंतकथेतही घोरपड वर गेल्यावर दोराला धरून कडा चढले ते मावळेच. डोंगरात वाढलेले, कातळ अंगवळणी पडलेले.

रविवारांचा हिशेब

आता आपल्या घरातला हिशेब मांडू. सह्याद्रीत कातळ चढण्याचा हंगाम साधारण दिवाळी ते होळी. त्यानंतर दगड तापतो आणि जूनपासून तो शेवाळतो. दिवाळी ते होळी म्हणजे १९ रविवार. त्यातून दिवाळीची माणसं, तुळशीच्या लग्नानंतर सुरू होणारी लगीनसराई, संक्रांतीचं हळदीकुंकू, मुलांच्या परीक्षा, आपलं दुखणंखुपणं वजा करा. हातात उरतात आठ-नऊ रविवार. एका दिवसात मनापासून, पूर्ण ताकदीने करता येतात असे प्रयत्न चार, फार तर पाच. म्हणजे अख्ख्या वर्षात चाळीसेक! बदलापूरहून रोज सकाळची लोकल गाठून मुंबईला नोकरीला जाणाऱ्या बाईकडे याहून जास्त भांडवल नसतं. मग ते त्याच जागी, त्याच कारणाने पडण्यात उधळायचं का?

पण पावसाळ्याचे चार महिने आपल्याकडे असतात. आठवड्यातून तीन दिवस, अर्धा अर्धा तास काढला तरी पन्नासच्या आसपास बैठका होतात, त्याही घरातल्या घरात. शेतकऱ्याला विचारा, पेरणीच्या आधी मशागत करणाऱ्याला कुणी भित्रा म्हणतं का? पावसाळा तयारीचा आणि हिवाळा प्रयत्नांचा, ही विभागणी आपल्याकडे निसर्गानेच करून ठेवली आहे.

तयारीसाठी महागड्या जिमची गरज नाही. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात एखाद्या सुताराला सांगितलं, तर बोटांच्या पहिल्या पेराइतकी, साधारण २० मिलिमीटर रुंद कड असलेली लाकडी पट्टी करून देईल. ती पक्क्या चौकटीवर बसवायची, पाय स्टुलावर टेकवून अंगाचं थोडंच वजन बोटांवर घ्यायचं, सात ते दहा सेकंद. मग दोन-तीन मिनिटं विश्रांती. असं पाच वेळा. हळूहळू पायांचा भार कमी करत न्यायचा. जोडीला पोटाचे आणि पाठीचे व्यायाम, एका पायावर उठाबशा. कारण कडा हातांनी चढतात हा गैरसमज आहे. हात फक्त धरून ठेवतात, वर नेतात ते पाय. आपण बायका हे पुरुषांपेक्षा लवकर शिकतो, कारण नुसत्या दंडाच्या जोरावर भागवण्याची सोय आपल्याला नसते.

मात्र एक लक्षात ठेवा. स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, पण त्यांना हाडांशी जोडणाऱ्या कंडरांना महिनोन् महिने लागतात. बोटांचा जोराचा व्यायाम लागोपाठ दोन दिवस करू नये. बोट दुखत असताना ‘थोडंच राहिलंय’ म्हणून केलेला एक प्रयत्न अख्खा हंगाम घेऊन जातो.

ताटात काय आहे?

तयारीच्या नावाखाली एक चुकीची गोष्ट मुलींच्या डोक्यात शिरते, ती इथे सांगायलाच हवी. वजन कमी म्हणजे चढणं सोपं, मग जेवणच कमी करा! सुरुवातीला थोडे दिवस हलकं वाटतंही. मग थकवा, मग पाळी अनियमित होणं, मग हाडं ठिसूळ होणं. दोन ऑलिम्पिक सुवर्णपदकं मिळवणारी स्लोव्हेनियाची यान्या गार्नब्रेट हिनेही या खेळातल्या उपासमारीविरुद्ध उघडपणे आवाज उठवला, आणि २०२४ पासून आंतरराष्ट्रीय महासंघाने खेळाडूंच्या आरोग्य तपासणीचे नियम कडक केले. आपल्या राज्यात तर निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आहे. आपल्या मुलींना भाकरी कमी करून नव्हे, तर डाळ, उसळ, अंडं, पालेभाजी वाढवूनच कडा चढता येईल. पाळी चुकायला लागली, तर तो ‘सरावाचा ताण’ म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा.

दुसरी काळजी वयात येणाऱ्या मुलामुलींची. त्यांच्या बोटांच्या हाडांची वाढीची टोकं अजून कच्ची असतात. त्यांना पट्टीला लटकवू नका. त्यांनी खेळत, निरनिराळ्या सोप्या चढाया करत शिकावं. त्यांच्यासाठी तीच तयारी.

घरच्यांसाठी थोडं

‘त्याच डोंगरावर परत परत जाऊन काय मिळतं गं तुला?’ हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. आणि मुलगी काही महिने गेलीच नाही, तर ‘बघ, सुटलं ना वेड!’ असंही लगेच म्हटलं जातं. दोन्ही वेळा जरा थांबा. ती जात असेल तर काहीतरी शिकतेय. ती थांबली असेल तर कदाचित तयारी करतेय.

आपल्याकडे बाईच्या जिद्दीचं कौतुक होतं, ते बहुतेक वेळा तिच्या सोसण्याचं कौतुक असतं. लागलं तरी चालत राहिली, पडली तरी बोलली नाही. पण कडा तसं काही मागत नाही. ‘आज माझी ताकद पुरत नाही, मी ती मिळवून येते,’ असं शांतपणे म्हणून दोर सोडवून खाली उतरणं, यालाही जिद्दच लागते. थोडी जास्तच लागते.

चौकट
कड्यावर जाण्याआधी

* एकटीने जाऊ नका. जाणत्या गिर्यारोहण संस्थेकडून प्राथमिक शिक्षण घ्या. दोर, हार्नेस, हेल्मेट यांत काटकसर नको.
* अवघड टप्पा आधी वरून बांधलेल्या दोरावर शिका. आपल्याकडचा दगड सुटतो, म्हणून पकड हाताने ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर तिच्यावर भार टाकू नका.
* दोन जोरदार प्रयत्नांमध्ये किमान दहा मिनिटं बसा. मागच्यापेक्षा खाली पडायला लागलात, की त्या दिवसाचं काम संपलं.
* तीन वेळा त्याच जागी, त्याच कारणाने पडलात, तर कड्याऐवजी तयारी बदला.
* नुसती तयारीही करत बसू नका. महिन्यातून एकदा तरी खऱ्या दगडाला हात लावा. पट्टीवर मिळवलेली ताकद दगडावर वापरायची कशी, हे दगडावरच कळतं.
* पावसाळ्यात ओल्या कातळावर प्रयोग नकोत.
* वही विसरू नका!